यात्रेचें बिऱ्हाड आणि गाडीचीं चाकें

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी म्हण आहे. माणसाचें बिऱ्हाड मात्र पाठीवर मावत नाहीं. आणि हें ज्याच्या प्रथम ध्यानांत आलें, त्यानेंच चाकाचा विचार केला असावा. देवदर्शन घेऊन संध्याकाळीं परत फिरणाऱ्या माणसास एक पिशवी पुरते. पण जेथें दोन रात्री उघड्या माळावर काढावयाच्या असतात, तेथें घराचा एक लहानसा तुकडाच बरोबर न्यावा लागतो. राहुटी आली, तिच्या काठ्या, मेखा आणि तणावे आले, वळकट्या आल्या, पाणी, स्टोव्ह, भांडीं, शिधा, दिवा आणि औषधांची पेटी हींही आलीं. मोटार किंवा एस. टी. हें सर्व यात्रेच्या गांवापर्यंत आणून सोडते. परंतु गर्दीमुळें गाड्या बऱ्याच अलीकडे अडवितात, आणि तेथून मुक्कामाच्या जागेपर्यंतचा जो एकदोन किलोमीटरांचा शेवटचा टप्पा राहतो, तोच सर्व प्रवासांत अधिक कष्टाचा ठरतो. हा टप्पा लहानशा हातगाडीनें कसा सुखाचा करतां येतो, आणि तीच गाडी चुकीची निवडली किंवा चुकीची भरली तर ती ओझ्यांतलें आणखी एक ओझें कशी होते, हें समजून घेण्यासारखें आहे.

चाक महाराष्ट्राला नवें नाहीं. श्रीरामपूर तालुक्यांत प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं ब्राँझच्या ज्या प्रसिद्ध वस्तु सांपडल्या, त्यांत बैलजोडी जुंपलेला एक रथ आहे. अनेक अभ्यासक तो उत्तर हडप्पा काळांतील मानतात. म्हणजे या भूमींत चाकाची ओळख हजारों वर्षांची आहे. असें असूनहि यात्रेंत डोक्यावर बोचकें, कांखेंत मूल आणि हातांत पाण्याची कळशी घेऊन चालणारीं माणसें अजून दिसतात, याचें कारण चाकाचें अज्ञान हें नव्हे. गाडी ही मोठ्या ओझ्याची आणि धंद्याची वस्तु आहे, घरगुती ओझ्याला ती कशाला, असा एक समज रूढ आहे, हेंच त्याचें कारण होय.

या विषयाचा विचार करण्यास भिवंडीसारखें दुसरें योग्य गांव नाहीं. भिवंडी हें यंत्रमागांचें शहर. सुताचीं पोतीं आणि कापडाचे तागे तेथील अरुंद गल्ल्यांतून हातगाडीवरून फिरतात. जेथें ट्रक वळत नाहीं तेथें हातगाडी वळते, आणि ओझें कसें रचावें, चढावर कोठें उभें राहावें, खड्ड्यांतून चाक कसें काढावें, याचें ज्ञान तेथील हमालांच्या अंगीं मुरलेलें असतें. याच तालुक्यांत, तानसा नदीच्या कांठीं, वज्रेश्वरीचें प्रसिद्ध देवस्थान आहे. वसईच्या मोहिमेंत चिमाजी आप्पांनीं देवीस नवस केला, आणि १७३९ सालीं वसई सर झाल्यावर त्या नवसाप्रमाणें सांप्रतचें देऊळ बांधलें गेलें, अशी परंपरा सांगतात. देवळाला किल्ल्यासारखा तट आहे आणि वर जाण्यास दगडी पायऱ्या आहेत. चैत्री अमावास्येच्या सुमारास तेथें मोठी यात्रा भरते. जवळच अकलोली व गणेशपुरी येथें ऊन पाण्याचीं कुंडें आहेत. त्यामुळें संधिवातानें जखडलेल्या वृद्ध माणसांना तेथें जाण्याची ओढ विशेष असते. भिवंडीहून वाड्याच्या रस्त्यानें अंबाडीपर्यंत जावें आणि तेथून वज्रेश्वरीच्या फाट्यास लागावें, हा नेहमींचा मार्ग होय.

आतां पांच माणसांचें एक कुटुंब दोन रात्रींच्या मुक्कामास निघालें आहे अशी कल्पना करावी. राहुटी व तिचें साहित्य पंधरा किलो, वळकट्या पंधरा, वीस लिटर पाण्याचे वीस, स्टोव्ह व भांडीं दहा, शिधा दहा, कपडे व किरकोळ सामान पंधरा, आणि घडीची खाट व खुर्ची मिळून पंधरा, असा हिशेब धरला तर बेरीज बरोबर शंभर किलो भरते. पांचांपैकीं एक आजी आणि दोन मुलें वगळलीं तर हें सर्व दोन धडधाकट माणसांवर येतें, म्हणजे प्रत्येकीं पन्नास किलो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें १९६७ सालच्या शिफारशींत, एका प्रौढ पुरुषानें उचलून न्यावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो सांगितली आहे. आणि तीहि धंद्यानें ओझीं वाहणाऱ्या कामगारांसाठीं, वर्षभर खुर्चींत बसून काम करणाऱ्या गृहस्थासाठीं नव्हे.

मग साहजिकच सामानांत काटछांट सुरू होते. प्रथम खाट कमी होते, कारण ती जड. मग खुर्ची जाते. आणि खाट व खुर्ची गेल्यावर आजीनें तीन दिवस जमिनीवर कसें बसावें व निजावें, हा प्रश्न निघतो, आणि ‘आजी, यंदा राहूं द्या, पुढच्या वर्षीं पाहूं’ असें तिला समजावलें जातें. पुढचें वर्ष सर्वांच्याच वाट्याला येतें असें नाहीं. घरांतील कोण यात्रेला जाणार आणि कोण मागें राहणार, याचा निर्णय पुष्कळदां श्रद्धा करीत नाहीं, प्रकृतीहि करीत नाहीं. तो शेवटच्या किलोमीटरांतलें ओझें करतें. म्हणून गाडीची गोष्ट दिसते तितकी क्षुल्लक नाहीं.

ओझें डोक्यावर घेतलें म्हणजे त्याचें सर्व वजन माणसाच्या मानेवर, कण्यावर आणि गुडघ्यांवर सतत राहतें. उभें राहिलें तरी तें कमी होत नाहीं. तेंच गाडीवर ठेवलें कीं वजन चाकांमार्गें जमिनीवर जातें आणि माणसाला केवळ घर्षणावर मात करावी लागते. कठीण, सपाट रस्त्यावर चांगल्या चाकांची गाडी असेल तर शंभर किलोंचें ओझें हलतें ठेवण्यास दोनतीन किलोंची ओढ पुरते. मऊ वाळूंत मात्र तीच ओढ वीस किलोंवर जाते. गाडीचें सारें शास्त्र या दोन आंकड्यांमधल्या अंतरांत सांठवलेलें आहे.

चाक कोठें असावें, याचें उत्तर जगांत निरनिराळ्या लोकांनीं निरनिराळें दिलें. युरोपांतील एकचाकी ढकलगाडींत चाक अगदीं पुढें असतें आणि ओझें चाक व हात यांच्या मध्यें. ओझें मधोमध असेल तर निम्मा भार चाकावर आणि निम्मा माणसाच्या हातांवर येतो. बागेंतील माती चार पावलें नेण्यास ही गाडी उत्तम, पण किलोमीटरभर चालण्यास ती थकविते. चिनी लोकांनीं आपल्या एकचाकी गाडीला मोठें चाक दिलें आणि तें ओझ्याच्या अगदीं मध्यभागीं आणून बसविलें. त्यामुळें जवळजवळ सारा भार चाकावर गेला, आणि माणसाचें काम केवळ तोल सांभाळण्याचें व पुढें ढकलण्याचें राहिलें. आपल्याकडील दुचाकी हातगाडीनें याच तत्त्वाला दुसरें चाक जोडलें. तोलाचें कामहि बरेंच कमी झालें. चारचाकी गाडी तर उभी असतां स्वतःच स्वतःला सांवरते. मात्र हल्लीं बागेसाठीं ज्या लहान चारचाकी गाड्या विकत मिळतात, त्यांत पुढचा आंस दांड्याबरोबर वळतो. दांडा फार तिरका फिरविला कीं पुढचीं दोन चाकें जवळजवळ एका रेषेंत येतात, गाडीचा पाया अरुंद होतो आणि उंच रचलेलें सामान बाजूला कलंडतें. अशा गाडीला वळविणें तें ऐसपैस वळवावें, जागच्या जागीं फिरवूं नये.

चाक केवढें असावें, हा यापुढचा प्रश्न. दुकानांत लहान चाकांची गाडी सुबक दिसते, घडी करून मोटारींत मावते, आणि फरशीवर ती पाण्यासारखी चालते. परंतु यात्रेची वाट फरशीची नसते. वाटेंत अडीच सेंटिमीटर उंचीचा दगड आडवा आला अशी कल्पना करावी. दुचाकी गाडीवर शंभर किलो भार आहे, दोन्ही चाकें एकदम दगडाला भिडलीं आहेत आणि गाडी थांबलेली आहे. चाक वीस सेंटिमीटर व्यासाचें असेल, तर त्या दगडावर तें चढविण्यास सुमारें ८८ किलोंची आडवी ओढ लागते, म्हणजे जवळजवळ सारें ओझें उचलण्याइतकीच. चाक साठ सेंटिमीटर व्यासाचें असेल, तर तेंच काम सुमारें ४४ किलोंत होतें. दगड तोच, भार तोच, ओढणाराहि तोच. केवळ चाक मोठें झालें आणि श्रम निम्मे झाले. याचें कारण असें कीं लहान चाकाला तो दगड भिंतीसारखा भासतो आणि मोठ्या चाकाला उतरंडीसारखा. बैलगाडीचें चाक पुरुषाच्या छातीएवढें करणाऱ्या सुतारानें हें गणित कागदावर मांडलें नव्हतें, पण वाटेवरच्या दगडांनीं तें त्याला शिकविलें होतें.

मोठ्या चाकाबरोबर रुंद चाकाचाहि विचार केला पाहिजे. चिखलांत किंवा वाळूंत चाक रुततें, कारण सारा भार जमिनीच्या थोड्याशा भागावर पडतो. लोखंडी धांवेचें अरुंद चाक डांबरी रस्त्यावर छान चालतें, पण भातखाचरांत सुरीसारखें आंत जातें. हवेच्या रबरी चाकाची मौज ही कीं तें दबतें, पसरतें आणि भार अधिक जागेवर वांटून टाकतें; शिवाय लहान खडे तें पोटांत घेऊन पुढें जातें. हवेच्या चाकाची कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉम्सन यानें १८४५ सालीं नोंदविली. पण ती मागें पडली. पुढें १८८८ मध्यें बेलफास्ट येथील जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तीच युक्ति पुन्हा शोधून काढली, आणि मग तिचा जगभर प्रसार झाला. त्याचें नांव महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत असें रुजलें कीं रबरी चाकांच्या बैलगाडीला शेतकरी सरळ ‘डनलॉप गाडी’ म्हणूं लागले. यात्रेच्या गाडीला हवेचीं चाकें असावींत, पण त्यांबरोबर पंप आणि पंक्चर काढण्याचें साहित्यहि असावें. चैत्राच्या उन्हांत रस्ता तापला कीं चाकांतील हवा फुगते. म्हणून भर उन्हांत चाकें ताठ भरूं नयेत आणि थांब्यावर गाडी सावलींत उभी करावी. लांकडी चाकाची गोष्ट याच्या उलट. उन्हानें लांकूड आटतें, लोखंडी धांव सैल होते, आणि म्हणून जुने गाडीवान उन्हाळ्यांत चाकांवर पाणी मारीत.

गाडी चांगली मिळाली तरी निम्में यश भरण्यांत आहे. दुचाकी गाडींत जड वस्तु नेमक्या आंसावर याव्या. सामान मागें अधिक झालें कीं गाडी उलाळ होते, दांडा वर उचलला जातो आणि ओढणाऱ्याचे पाय जमिनीवर नीट टेकत नाहींत. सामान पुढें अधिक झालें कीं दांडा खालीं दाबतो आणि हातगाडीची डोकेगाडी होते. उत्तम भरलेल्या गाडीचा दांडा एका हातानें सहज कंबरेएवढा उचलतां यावा आणि सोडल्यावर हळूच खालीं बसावा, एवढीच खूण पुरे. जड तें खालीं, हलकें तें वर, हा दुसरा नियम. पाण्याचा डबा, स्टोव्ह व भांडीं तळाशीं, आंसाजवळ. वळकट्या व कपडे वर. उंच रचलेल्या गाडीचा तोल एखाद्या खड्ड्यानेंहि जातो.

येथें एक अडचण येते. मुक्कामाला पोंचल्याबरोबर पहिली गरज राहुटीची असते, आणि राहुटी तर जड. ती तळाशीं घातली तर सारें सामान धुळींत उतरवून मगच ती हातीं लागते. वर घातली तर गाडी डोईजड होते. यावर साधा उपाय असा कीं राहुटी गाडीच्या एका कडेला, लांबीच्या बाजूनें, तळाशींच पण मोकळी ठेवावी आणि तेवढाच भार दुसऱ्या कडेस पाण्याच्या डब्याचा द्यावा. मग बाकीच्या सामानाला हात न लावतां ती बाजूनें ओढून घेतां येते. मेखा आणि हातोडा तिच्याबरोबरच बांधावा. मेखा सांपडत नाहींत म्हणून राहुटी हातांत धरून उभीं राहिलेलीं कुटुंबें प्रत्येक यात्रेंत दिसतात. स्टोव्हचें तेल आणि शिधा शेजारीं ठेवूं नयेत. सर्व रचून झाल्यावर वरून एक मेणकापड टाकावें आणि दोरी कोपऱ्यांवरून तिरपी, एकमेकींस छेदून जाईल अशी बांधावी. शंभर पावलें चालून थांबावें आणि दोरी पुन्हा आवळावी, कारण पहिल्या हादऱ्यांनीं सामान बसतें व दोरी सैल पडते.

चढ आणि उतार हे गाडीचे खरे परीक्षक होत. दहा हात चालतांना एक हात चढणाऱ्या वाटेवर शंभर किलोंच्या गाडीला घर्षणाच्या वर आणखी सुमारें दहा किलोंची ओढ द्यावी लागते. चढावर एकानें ओढावें आणि दुसऱ्यानें मागून लावावें. परंतु मागच्या माणसानें गाडीच्या अगदीं मागें न राहतां कोपऱ्याशीं उभें राहावें, म्हणजे गाडी सुटलीच तर बाजूला होतां येतें. दम घेण्यापूर्वीं चाकाला दगड लावावा. उतारावर याच्या उलट व्यवस्था हवी. दांडा धरून पुढें चालणाऱ्या माणसाच्या पाठीवर गाडी धांवून येते. म्हणून उतारावर मागें दोरी बांधून एकानें ती रोखून धरावी. आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडकडे जातांना दिवे घाट चढते, तेव्हां रथाला नेहमींच्या जोडीशिवाय आणखी बैलजोड्या जुंपतात. देवाच्या रथालाहि चढ माफ नाहीं. तेथें संसाराच्या गाडीनें वेगळी अपेक्षा कशी करावी? गाडीवर लहान मुलांना बसविण्याचा मोह मात्र कटाक्षानें टाळावा. मुलें हालतात, तोल बदलतो, आणि सामान कोसळलें तर तें त्यांच्यासह कोसळतें.

या पालखी सोहळ्यापासून घेण्यासारखा दुसराहि धडा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हैबतबाबा आरफळकर यांनीं आळंदीच्या सोहळ्याला शिस्त लावून दिली, आणि आजहि त्यांतील अश्व बेळगांव जिल्ह्यांतील अंकलीच्या शितोळे सरदारांकडून येतात. सुमारें अडीचशें किलोमीटरांच्या त्या वाटेवर वारकरी टाळ-वीणा घेऊन मोकळ्या अंगानें चालतो, कारण दिंडीचें सामान त्याच्यापुढें मुक्कामाला गेलेलें असतें. पूर्वीं तें बैलगाड्यांतून जाई, आतां ट्रकांतून जातें. माणसांची गर्दी आणि सामानाची गर्दी एकत्र होऊं द्यावयाची नाहीं, हें त्या व्यवस्थेचें सार आहे. कुटुंबानेंहि तेंच करावें. दोघांनीं सकाळीं लवकर, वाट मोकळी असतांना, गाडी घेऊन पुढें जावें व राहुटी उभारावी. आजी आणि मुलें मागून सावकाश यावींत. ऐन गर्दींत गाडी घालूं नये. दाटींत मागच्या माणसाला पुढची गाडी दिसत नाहीं. तो तिच्यावर पडतो आणि त्याच्यावर दुसरे. देवळाच्या पायऱ्यांशीं गाडीचें काम संपतें. तेथें ती नेण्याचा आग्रह धरणें म्हणजे स्वतःला आणि इतरांना संकटांत टाकणें होय.

परदेशांतहि हा प्रश्न असाच आहे. इंग्लंडमध्यें सॉमरसेट परगण्यांतील ग्लॅस्टनबरी येथें १९७० सालापासून एका शेतावर संगीताचा मोठा उत्सव भरतो. हजारों माणसें तेथें तंबू ठोकून राहतात, आणि पावसानें झालेला चिखल त्या उत्सवाच्या कीर्तीचाच एक भाग झाला आहे. तेथें जाणारीं अनेक कुटुंबें तंबू, बिछाने व शिधा बागेंतल्या हातगाडीवर घालून मोटारीपासून तंबूच्या जागेपर्यंत ओढीत नेतात. देव निराळा, संगीत निराळें, पण शेवटच्या किलोमीटराचें दुःख एकच, आणि त्यावरचें औषधहि एकच.

गाडी विकतच घेतली पाहिजे असें नाहीं. एका चाळींत किंवा सोसायटींत दोन गाड्या मिळून घेतल्या तर त्या वर्षभर कामास येतात: पाण्याचे डबे, धान्याचीं पोतीं, बागेची माती, गणपतीच्या दिवसांत मांडवाचें सामान. आंसाला मधूनमधून वंगण द्यावें, पावसाळ्यांत ती कोरडी ठेवावी आणि चाकांतील हवा पाहावी, एवढीच तिची सेवा. विकत वा उसनी घेण्यापूर्वीं मात्र ती फरशीवर चालवून न पाहतां, दोन पाण्याचे भरलेले डबे वर ठेवून, अंगणांतल्या मातीवर आणि उंबऱ्याएवढ्या दगडावरून चालवून पाहावी. जी गाडी तेथें अडेल ती यात्रेंतहि अडेल.

अशी गाडी दारांत असली म्हणजे निघण्याच्या आदल्या रात्रीं सामानाची यादी निराळ्या रीतीनें केली जाते. काय सोडावें याऐवजीं काय न्यावें, असा विचार होतो. खाट यादींत राहते, खुर्ची राहते. आणि वज्रेश्वरीच्या कुंडाच्या ऊन पाण्यांत पाय सोडून बसण्याची इच्छा धरून बसलेल्या आजीचें नांवहि यादींतच राहतें.